पहिलं पाणी

९ डिसेंबर २००९

जेवायला हाक मारली. दोनदा. तिसऱ्यांदा उत्तर आलं — ‘थांब! हल्ला चालू आहे.’

भाकरी झाकून ठेवली. मधल्या खोलीत कॉम्प्युटर, त्याच्यापुढे नवऱ्याची पाठ. हल्ली योगेंद्र म्हणजे ही पाठ. इंटरनेटवरच्या कुठल्याशा खेळातल्या राज्यात त्याचा किल्ला आहे. टोळीत सांगलीचे, इंदूरचे, एक दुबईचा. तो त्यांचा सुभेदार. इथे तळेगावात त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, दुपारनंतर उघडतं. उघडलं तर.

११ डिसेंबर

मामाजींनी खाटेवरून बागेची चौकशी केली. खुबा मोडून ऑपरेशन झाल्यापासून सासऱ्यांचं सगळं जग बाहेरच्या खोलीत आलं आहे. संत्र्याची बाग मात्र त्यांच्या डोक्यात उभी असते, झाड न् झाड.

बाग ताणावर आहे. महिना लागताच पाणी बंद केलं. झाडाला तहान लागली पाहिजे, पानं पिवळी पडून थोडी गळली पाहिजेत. मग पाणी सोडलं की फुलतं. ताण कमी पडला तर फूल नाही. जास्त झाला तर फांदी वाळते. आमची जमीन हलकी — संक्रांतीपलीकडे थांबायचं नाही.

‘पयलं पाणी योगू सोडन,’ मामाजी म्हणाले. ‘घरच्या माणसानंच सोडा लागते.’

गड्यानं नाही. बाईनं तर नाहीच. ते कोणी सांगतही नाही.

२४ डिसेंबर

लाइन गेली. इन्व्हर्टरवर एकच चालतं — मामाजींच्या खोलीतला दिवा, नाहीतर कॉम्प्युटर.

मामाजी अंधारात पडून होते. ‘राहू दे बाई, मले काय वाचाचं आहे आता?’

१४ जानेवारी २०१०, संक्रांत

ताट तयार केलं. हळद, कुंकू, नारळ, तिळगुळ. मोटारीची पूजा करायची, पहिल्या झाडाच्या बुंध्याशी तिळगुळ ठेवायचा, मग बटण दाबायचं. मामाजी हे दरवर्षी करत, नवीन धोतर नेसून.

दुपारी शेताची लाइन आली.

‘जाऊन राह्यलो ना! वेढा पडला आहे इकडे. अर्धा घंटा.’

लाइन गेली. वेढा होता.

संध्याकाळी मामाजींनी विचारलं, ‘सोडलं का रे पाणी?’

‘सोडलं, बाबा!’ — आतून. पाठ वळलीसुद्धा नाही.

मी ताट उचलून फडताळात ठेवलं.

१७ जानेवारी

आता मामाजी मला विचारतात. ‘वरच्या तुकड्यात पोचलं का पाणी? माती वास मारत होती का?’

‘हो. चांगलं भिजलं.’

खोटं बोलायला इतके थोडे शब्द पुरतात.

१९ जानेवारी

कॉलेज सुटल्यावर बागेत गेले. जमिनीला भेगा. पानं वाळून आत वळलेली; हात लागला की झडतात. शेजारच्या रूपरावजींची बाग ओली, काळी.

ते बांधावर आले. ‘काऊन सूनबाई, झाडं मारून राह्यले का तुम्ही? ताण असा देत असतेत का?’

मी पदराला लागलेली पानं झटकली.

‘गडी पाठवू का माह्या? बटन दाबाले काय लागते?’

‘पहिलं पाणी आहे, काकाजी. घरच्यानं —’

‘हो, ते तर आहे,’ ते म्हणाले. आणि खरंच पटल्यासारखे परत वळले.

मोटारीच्या खोलीत गेले. स्टार्टरवर लाल दिवा लागलेला — म्हणजे लाइन होती. हिरवं बटण नखाएवढं. त्याच्यासमोर उभी राहिले. कॉलेजात मराठी शिकवते, पोरींना वर मान करून बोला म्हणते — आणि हात लावला नाही! कोणी बघत नव्हतं. तरी नाही.

परत आले. पाठ जागेवर होती.

२१ जानेवारी

कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीत दुपारी कोणी नसतं. योगेंद्रच्या त्या राज्यात शिरले. नाव घेतलं — आनंदा. का गेले? त्याचा किल्ला बघायचा होता. जमलं तर जाळायचा होता.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, टोळीत घ्याल का? उत्तर लगेच, सुभेदाराचंच.

‘या भाऊ! कुठले?’

‘वर्ध्याकडचा.’

‘अरे, आपलेच निघाले!’

तटबंदी कशी बांधायची ते त्यानं समजावलं. मला कळेना, पुन्हा समजावलं. ‘घाबरू नका भाऊ, सगळ्याइचं पयले चुकतेच.’ मला स्कूटी शिकवताना हाच माणूस दुसऱ्या दिवशी रस्त्यात ओरडून निघून गेला होता.

२३ जानेवारी

आनंदानं विचारलं, घरी कोण कोण?

‘बाबा आहेत. बायको आहे, मास्तरीण. चांगली आहे भाऊ. भांडत नाई. नुसती पाहाते, पेपर तपासल्यावानी.’

रात्री वाढताना खाली बघून वाढलं. मीठ द्यायचं राहिलं. त्यानं मागितलं नाही.

२५ जानेवारी

आनंदानं विचारलं, शेतीचं काय?

उत्तर आलं ते ओळीमागून ओळ. पाणी सोडलं नाही. सोडलं म्हणून सांगितलं. ‘त्या दिवशी खरंच अर्ध्या घंट्यानं जाणार होतो, भाऊ. आता गेलो तर झाडं पाहा लागतीन. भेव वाटते. इथं बसलो की नाई वाटत.’

मी आळस समजत होते. आळसाचा राग करणं सोपं होतं.

लिहिलं — ‘उद्या जा. तुमचा किल्ला मी सांभाळतो.’

‘सांभाळतो’ लिहिताना बोट अडखळलं नाही.

त्यानं पासवर्ड पाठवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला पगाराचा चेक कुठे ठेवतेस एवढंच विचारत आला.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आले तर तो अंगणात, चप्पल घालून. ‘ते ताट कुठं आहे?’

काढून दिलं. तिळगुळ दगड झालेला.

संध्याकाळी आला तो गुडघ्यापर्यंत चिखलात. हसत होता. ‘टोळीत एक आनंदाभाऊ आहे. समजदार माणूस! त्यानं म्हटलं म्हणून गेलो.’

संक्रांतीपासून रोज सकाळी मी काय म्हणत होते? असो. भाकरी वाढली.

तो बागेत होता तेव्हा मी त्याच्या खुर्चीत होते. दोन हल्ले परतवले. मामाजींचं दुपारचं औषध चुकलं.

१५ फेब्रुवारी

विहिरीजवळच्या ओळी फुलल्या. वरच्या तुकड्यातल्या फांद्या गेल्या. आरी लावावी लागेल. एक बहार बुडाला, अर्धा.

योगेंद्रनं मामाजींना स्वतः सांगितलं. खाटेच्या कडेला बसून, सगळं. मामाजी म्हणाले, ‘गधा आहेस. आरी तूच चालवजो. मले वाळलेल्या फांद्या आणून दाखव, एक एक.’

तो रोज जातो. रोज आणून दाखवतो. दोघं बोलतात, भांडतात. एकदा हसल्याचंही ऐकू आलं.

मधल्या खोलीतून ऐकलं.

१८ फेब्रुवारी

त्याचा निरोप — ‘आनंदाभाऊ, माह्यानं आता होत नाई. सुभेदारी तुमची.’

टोळीतले सगळे विचारतात, आनंदाभाऊ, आता काय करायचं? सांगलीचा, इंदूरचा, दुबईचा. मी सांगते तसं करतात. तसं घडतं!

अकरावीचा तास राहिला. पोरी वर्गाबाहेर उभ्या होत्या म्हणे. प्राचार्यांना डोकं दुखत होतं म्हणून सांगितलं.

थोडे शब्द पुरतात.

३ मार्च

मामाजींनी पाणी मागितलं ते ऐकलं होतं. दोन्ही वेळा.

दिलं योगेंद्रनं, बागेतून आल्यावर. तांब्या घेऊनच मधल्या दारात उभा राहिला. पडद्यावर आनंदाचं नाव होतं, खाली त्याचा जुना किल्ला. पायांची माती फरशीवर पडत होती.

‘म्हणजे — तू?’

मी वळले नाही.

‘थांबा,’ म्हणाले. ‘हल्ला चालू आहे.’