अर्धी डिस्क

अक्का, आज ऑफिसात एका नव्या मुलीचा कॉम्प्युटर सुरू होईना. ती रडकुंडीला आलेली पाहिली आणि मला जळगावातली तुमची टायपिंग इन्स्टिट्यूट आठवली. ती लांबट खोली, भिंतीशी ओळीनं मांडलेले टाइपरायटर, खिडकीतल्या कूलरचा वाळ्याचा वास. मुली दारात येत, "कॉम्प्युटर शिकवता का?" विचारत आणि परत जात. इन्स्टिट्यूट बंद पडली असती तर तुम्ही मुलाकडे राहायला गेला असता. मी मात्र नशिराबादला घरी बसले असते. बारावीला इंग्रजीत नापास झालेल्या मुलीला तुमच्याशिवाय कोणी नोकरी दिली नव्हती, आणि घरात स्थळं पाहणं सुरू झालंच होतं.

तुम्ही आधी मला एका क्लासला पाठवून डॉस, म्हणजे कॉम्प्युटर चालवायची तेव्हाची प्रणाली, शिकायला लावलंत. मग धुळ्याच्या एका ऑफिसानं काढून टाकलेला कॉम्प्युटर आणायला आपण दोघी गेलो. येताना एसटीत गोधडीत गुंडाळलेला तो डबा कधी तुमच्या मांडीवर, कधी माझ्या. कंडक्टरनं विचारलं, "हाई काय शे अक्का, टीव्ही शे का?" तुम्ही म्हणालात, "आमनी नवी मास्तरीण शे." अख्खी गाडी हसली.

मास्तरीण मात्र रुसून बसली. जुनं सगळं पुसून डॉस नव्यानं टाकायचं, त्याआधी हार्ड डिस्क फॉरमॅट करायची, एवढं मला ठाऊक होतं. पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा निम्म्यापर्यंत सुरळीत गेला, मग आतून खट्‌खट् आवाज यायला लागला आणि आकडा तिथेच अडकला. मी घाबरून स्विचच बंद केला. पुन्हा चालू करून पाहिलं तर पडद्यावर इंग्रजी ओळी, आणि शेवटी प्रश्नचिन्हासकट 'फेल'. मेकॅनिक आला, आवाज ऐकून म्हणाला, "डिस्क गेली. मशीन भंगारात घाला." पहिल्या बॅचच्या मुलींची नावं नोंदवून झाली होती. मी कोपऱ्यात जाऊन रडायला लागले.

तुम्ही रागावलात. "डोळे पूस. काय लिहिलंय ते वाचलंस का?"

"फेल लिहिलंय, अक्का."

"ते तुला नाही लिहिलेलं! बठ्ठं वाच, शेवटपर्यंत, मग घाबर."

माझ्याकडून तुम्ही प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचून घेतलात, अर्थ मराठीत सांगायला लावलात. ड्राइव्ह वाचता येत नाही. सोडून देऊ, पुन्हा करून पाहू, की जमलं नाही असं धरून चालू? यंत्र बिचारं विचारतंय, आणि मी त्यावर रडतेय. मला हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फॉरमॅट लावलं. या वेळी स्विचला हात लावला नाही, नुसतं बघत बसले. निम्म्यानंतर, अगदी त्याच जागी, तोच आवाज. म्हणजे डिस्क सगळी गेलेली नव्हती. पुढचा भाग खराब होता, अलीकडचा धड होता.

मी भीत भीत म्हणाले, "अक्का, अर्धीच वापरली तर? पुढची जागा तशीच सोडून द्यायची."

"असं करता येतं?"

"येईल असं वाटतं."

"मग मला काय विचारतेस? कर."

डिस्कचे भाग पाडताना मी फक्त सुरुवातीचा तुकडा घेतला, उरलेला मोकळा सोडला. फॉरमॅट शेवटपर्यंत गेलं. एकामागून एक फ्लॉप्या मागत डॉस बसलं आणि काळ्या पडद्यावर 'सी' उमटला, पुढे लुकलुकणारी रेघ: मशीन कामाला तयार. तुम्ही टाळी वाजवलीत, जाऊन चहा सांगितलात, आणि मुलींना बजावलंत, "आजपासून हिला मॅडम म्हणायचं." मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मॅडम म्हणणार होतं. घरचं स्थळांचं बोलणं हळूहळू थांबलं. पुढे धुळ्याची ही नोकरी मिळाली तीही त्या अर्ध्या डिस्कवर शिकवता शिकवताच शिकलेल्या कामावर.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. त्या बॅचची पहिली विद्यार्थिनी म्हणून पदर खोचून तुम्हीच बसलात. जन्मभराच्या टाइपरायटरच्या सवयीनं तुम्ही कीबोर्ड असा बडवायचात की टेबल हलायचं. हलक्या हातानं मारा, असं बाकीच्या मुलींना मी रोज सांगायचे. तुम्हाला कधीच सांगितलं नाही. मला तो आवाज आवडायचा, अक्का.