वारंटीत बसत नाय

१८ एप्रिल
नाय रे बाबा, लाल नाय, पिवळा. इंजिनाचं चित्र असलेला. आणि तो दिवा मी पेटवला नाय, आपणहून पेटला. हरेशला फोनवर हेच तीनदा सांगितलं. पोरगा रोह्याला कंपनीत, राहायला वरशाला, पण तिथं बसून त्याला जोह्यातल्या माझ्या गाडीचं सगळं समजतं. म्हणाला, आई, तू काय केलंस? मी कधी काय करते?
गाडी धक्के खाते. अकरा महिन्यांची गाडी! कंपनीचीच खोट.
हरेशनं दम दिलाय. या वेळी चूक तुझी निघाली तर गाडी वरशाला आणून ठेवणार, तू फिर एसटीनं. या वेळी म्हणे. गेल्या वेळचं कुंपण आधीच वाकलेलं होतं.
हे होते तोवर यांच्या मागं बसले. हे गेल्यावर ज्याच्या त्याच्या मागं. सत्तावन्नाव्या वर्षी लायसन काढलं. आता पुढची सीट सोडणार नाय.
संकल्प: शोरूममधे आवाज चढवायचा नाय.

१९ एप्रिल
पेणला शोरूममधे. सव्वादहाला आवाज चढला. त्यांच्या पंख्याचा आवाज मोठा, माझा दोष नाय.
काउंटरला सुजय म्हणून टायवाला हाय. म्हणाला, आजी, बसा. म्हटलं, आजी कोणाची रे? तुझ्या गाडीपेक्षा माझे गुडघे बरे चालतात. मग मॅडम म्हणायला लागला. चहा दिला. बिस्किट मागून घेतलं.
गाडी ठेवून घेतली. दोन वर्षांची वारंटी हाय, काळजी नको म्हणाला. मी कुठं करते?

२२ एप्रिल
दिनानाथ मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. गडब गावचा माणूस, पन्नाशीचा, बोलतो कमी. वायरी कुरतडलेल्या निघाल्या. उंदीर.
सुजय म्हणाला, मॅडम, उंदीर वारंटीत बसत नाय. म्हटलं, आमच्या जोह्यात घरोघर गणपती घडतात, मग त्याचं वाहन गावात फिरणारच. तुमच्या वाहनात बसलं तर तुम्ही नारळ फोडायला पायजे. हसला. वारंटीच्या कागदावर सही केली नाय.
घरी येऊन गोदूबाईला सांगितलं. शेजारीण असून एक अक्कल नाय. म्हणाली, काय बसत नाय गो? म्हटलं, वारंटीत बसत नाय. म्हणाली, मग उभी ऱ्हा.

२३ एप्रिल
दिनानाथनं बॅटरीमागून पापडाचा तुकडा काढला. करंगळीएवढा. माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.
हळूच म्हणाला, मावशी, पोह्याचा हाय, मिरी घातलेला. म्हटलं, पेण तालुक्यात राहून पापड ओळखलास, मोठा शोध लावलास!
सुजय विचारायला लागला, गाडीत पापड आला कुठून. डोकं हाय माझं, चौथीपर्यंत पहिला नंबर होता. म्हटलं, गेल्या महिन्यात गाडी इथंच सर्व्हिसिंगला होती. कोणी हात लावला होता? दिनानाथनं. त्याचा डबा बघा. डबा उघडला. त्यात पापड! पेणमधे कोणाचाही डबा उघडला तरी पापड निघेल, पण ते सुजयला सुचलं नाय. तो पुण्याचा.
दिनानाथ काय बोलला नाय. खरा असता तर बोलला असता.

२४ एप्रिल
हरेशला सांगितलं, शोरूमच्या माणसाची चूक. त्यानं डबा इंजिनावर ठेवून खाल्ला, सांडलं, उंदीर आला. हरेश म्हणाला, नक्की ना आई? म्हटलं, लेखी आणीन.
संकल्प: आणायचंच.

२६ एप्रिल
जिंकले! लेखी दिलं. काम फुकट. गाडी लोण्यासारखी चालते. गोदूबाईला मागं बसवून पेणच्या बाजारात दोन चकरा मारल्या. तिनं सगळ्या ओळखीच्यांना हात केले, मंत्री असल्यासारखे.
दिनानाथला मिस्त्रीकामावरून काढून गाड्या धुवायला लावलाय. महिनाभर बघणार, मग ठेवायचं का घालवायचं ते ठरवणार. सुजय म्हणाला, मॅडम, आम्ही ऍक्शन घेतली. माझी गाडी दिनानाथनंच धुतली. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. म्हणाला, मावशी, काच वर घ्या, पाणी येईल. मी घेतली. मग म्हणाला, माझी आई पण लाटायची पापड, पण जाड. तुमचा पातळ हाय, हात चांगला हाय.
एवढंच.
आता हे काय बोलणं झालं? भांडला असता तर बरं वाटलं असतं.

२७ एप्रिल
जेवण गेलं नाय. उन्हाचं असेल.
उद्या जाऊन सुजयला थोडं समजावून सांगायचं. सगळं नाय, थोडं. आजच गेले असते, पण अमावस्या. अमावस्येला खरं बोलू नये असं नाय, पण वाहन काढू नये म्हणतात.

२८ एप्रिल
गोदूबाईला पेणला सोडायला गेले. ती म्हणाली, अमावस्या रात्रीच संपली ना गो? म्हटलं, तुझं तू बघ. शोरूमच्या गेटपर्यंत गेले. आत गर्दी वाटली. रिव्हर्स घेतला.

२९ एप्रिल
परत गेटपर्यंत. गर्दी नव्हती. रिव्हर्स मला आता छान जमतो.

३० एप्रिल
अक्षय तृतीया. नेमकी आज हिंमत झाली. शोरूममधे नव्या गाड्या न्यायला ही झुंबड! हार, नारळ, पेढे, फोटो. सुजयला बोलायला वेळ नाय. म्हणाला, मॅडम, फॉर्मवर लिहून द्या. लिहिता लिहिता मागची बाई मानेवरून वाचत होती. म्हणून मोठ्यानंच बोलले. ढगाळ होतं, पापड वाळंनात, इंजिन गरम होतं, मी बॉनेटखाली वाळत घातले. दिनानाथ मिस्त्रीचा काय संबंध नाय.
नवी गाडी घ्यायला आलेले लोक माझ्याकडं बघायला लागले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, वाळतात का पण?
दिनानाथला सुजयनं माझ्यासमोर आत बोलावलं आणि परत मिस्त्रीकामावर घेतलं. दिनानाथ हात पुसत आला, मावशी, सावकाश जा म्हणाला. वारंटी गेली. वायरींचं बिल माझ्याच अंगावर.
सुजयचा फोन गेला असणार, सांजच्याला हरेश आला. ओरडला नाय, तेच वाईट. चावी घेतली, गाडी वरशाला नेली. एसटीचं टायमटेबल फ्रिजवर चिकटवून गेला. दारात थांबून विचारलं, आई, किती वेळा घातलेस? म्हटलं, एकदाच रे, ढगाळ होतं म्हणून.
एकदा नाय. होळीपासून रोज. ढग बिग काय नव्हते.