कमी आवाजाचं बटण

मिरजोळे,
१४ ऑक्टोबर १९८७

प्रिय सदू,

परवाच दुकानात चहा पिऊन गेलास, तरी पत्र लिहितोय. हसू नको मेल्या, तोंडावर बोलायला जमलं नाही. रामा बरा आहे. पेज खातो, पण दार वाजलं तरी दचकतो. माझा धाकटा भाऊ जिवंत घरी आला तो तुझ्यामुळे, हे आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसते.

गणपतीनंतर लाँचवरचा वायरलेस सेट घेऊन आला होतास, आठवतं? मासळीचा थवा कुठे लागला ते तू रघूच्या लाँचला सांगायचास आणि तुम्ही जाळं ओढेपर्यंत धोंडूची लाँच तिथे हजर. कोणीतरी चोरून ऐकतंय, म्हणालास. मला वाटलं, आता काही खुणेची भाषा ठरवशील. तर तू म्हणालास, सेटची ताकद कमी करणारं बटण बसव. मी खो खो हसलो. लोक आवाज लांब जावा म्हणून माझ्या डोक्यावर बसतात आणि ह्याला जवळ हवा! रघू मैलभरावर असतो, त्याला पुरेल एवढंच बोलायचं, त्यापलीकडे बॅटरी परक्यांसाठी जळते, असं तू शांतपणे समजावलंस.

सदू, पंधरा वर्षं रेडिओ उघडून दुरुस्त करतोय, पण हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. गुपित राखायला काहीतरी जास्तीचं लागतं असंच वाटायचं, कुलूप म्हणा, पहारा म्हणा. तू कमी खर्चून लपलास. चार दिवसांनी तुझी बॅटरी चार्जिंगला आली, ती अर्धीसुद्धा उतरली नव्हती. मी मीटर दोनदा लावून बघितला.

शनिवारी धोंडूची लाँच जयगडबाहेर बंद पडली. रामा तिच्यावर खलाशी. सेट पूर्ण ताकदीवर ठेवून गप्पा मारल्याने धोंडूची बॅटरी केव्हाच संपलेली. तू दोर टाकून लाँच धरून ठेवलीस, पण त्या वाऱ्यात तुला एकट्याला ओढवेना. मग बटण पूर्ण वर नेलंस. भर दुपारी माझ्या दुकानातला सेट बोलला, "श्याम, ऐकतोयस ना? रामा इथे आहे. बंदरावरून मोठी लाँच धाड." मी अनवाणीच सायकल काढली.

तुझा चॅनेल मीच लावून दिलेला. रघू आणि मी सोडून तो कोणाला ठाऊक नव्हता. चोरून ऐकणारा मीच होतो रे. धोंडू रामाला काढून टाकणार होता, त्याचं काम टिकावं म्हणून थव्याच्या जागा मी दुकानातल्या सेटवरून धोंडूला त्याच्या चॅनेलवर कळवत होतो. तू आवाज कमी केल्यावरही मी रोज तो सेट लावून नुसती खरखर ऐकत बसायचो. शनिवारी "ऐकतोयस ना" म्हणालास तेव्हा कळलं, तुला सगळं माहीत होतं. त्याच भरवशावर तू माझ्या भावासाठी मला हाक मारलीस आणि परवा चहा पिताना एक शब्द काढला नाहीस. मला लाज वाटते, सदू, आणि तुझ्यापुढे हात जोडावेसे वाटतात. सेट यापुढेही तुझ्याच चॅनेलवर असेल, पण आता तुला सांगून. रघूशी हळूच बोल, ते मला ऐकू येणार नाही आणि यायलाही नको. बटण वर नेलंस, की मी आहे.

तुझाच, पण आता न लपता ऐकणारा,
श्याम