अर्पणपत्रिकेची दुरुस्ती

२ मार्च, सांगली

आज पोचलो. उंब्रजच्या स्टँडवर सकाळची एस.टी. वेळेवर मिळाली, खिडकीही मिळाली. कराड मागं पडल्यावर दोन्ही अंगांना तुटलेल्या उसाचं पाचट पेटवलेलं होतं, पण मन असं प्रसन्न की तो धूरही गोड लागला. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुणी आपल्याला कामासाठी बोलावतं, ही काय लहान गोष्ट झाली? आणि बोलावलं कुणी, तर संयोगितानं. माझ्या सातवी ब ची संयोगिता. दोन वेण्या, शाईनं भरलेली बोटं, कविता म्हणायला उभी राहिली की सगळा वर्ग चिडीचूप.

ती आता मोठी शास्त्रज्ञ आहे. वर्षातले सहा महिने परदेशातल्या प्रयोगशाळेत, सहा महिने इथं विश्रामबागेतल्या घरी संगणकासमोर. आपल्या कामावर मुलांसाठी मराठीत पुस्तक लिहिलंय, त्याची भाषा मी तपासायची. महिनाभर इथंच राहायचं. टेबलावर छापील कागदांचा गठ्ठा आणि नवा कोरा लाल पेन तिनं मांडूनच ठेवला होता. मी सुचवलेली दुरुस्ती ती रोज संध्याकाळी स्वतः संगणकात घालणार.

स्वयंपाकाला राहीबाई आहेत. भाकरी अशी, की उंब्रजची आठवण यावी. वारा फिरला की कुठूनतरी हळदीचा वास येतो. मला हे घर लय आवडलं.

३ मार्च

शेजारच्या खोलीत मगदूम आहे.

काल तो दिवसभर मिरजेला पाहुण्यांकडं गेला होता, म्हणून दिसला नाही. आज सकाळी दार उघडलं तर हा समोर, धोतर झटकत. जिनदत्त मगदूम, आमच्या शाळेचा विज्ञानाचा मास्तर. एकतीस वर्षं आम्ही एका बाकावर डबा खाल्ला. पोरं आम्हाला जोडीच म्हणायची. एक दिसला की दुसरा कुठं म्हणून विचारायची. त्यालाही बोलावलंय, शास्त्राच्या बाजूनं पुस्तक बघायला. माझ्या आधी आठवडाभर आलाय. पूर्वेची, उजेडाची खोली त्याला.

आनंदच झाला म्हणा. पण संयोगिता सकाळी पाया पडली ती आधी त्याच्या, मग माझ्या.

५ मार्च

पहिली तीन प्रकरणं वाचली. पोरीचं मराठी अजून माझ्या वर्गातलंच आहे. मला समजलं ते असं. प्रोटॉन म्हणजे अणूच्या पोटातला कण. जमिनीखालच्या सत्तावीस किलोमीटरच्या गोल बोगद्यात हे कण दोन उलट दिशांनी जवळजवळ उजेडाच्या वेगानं पळवायचे आणि समोरासमोर आदळायचे. त्या दणक्यातून नवे कण जन्मतात. आपल्याला ठाऊक असलेल्या प्रत्येक कणाला एक जास्त वजनाचा, अजून न सापडलेला जोडीदार असावा अशी एक कल्पना आहे. त्याला शोधण्यात संयोगिताची वीस वर्षं गेली. तो सापडलेला नाही.

सापडला तरी दिसणार नाही म्हणे. यंत्रातून अलगद निसटून जाईल. मग ओळखायचा कसा? तर दणक्यानंतर जे जे आडवं उडालं, त्याचा तोल बघायचा. इकडं जेवढा जोर, तेवढाच तिकडं पाहिजे. एका बाजूला कमी पडलं तर समजायचं, इथून कुणीतरी न दिसता गेलं. काय सुंदर! ते पान मी पुन्हा वाचलं.

या जोडीदाराला मराठी शब्द हवा होता. मी 'महत्सखा' सुचवला. मगदूम आमटी भुरकत म्हणाला, थोरला म्हणा की, पोरांना कळंल. ती टाळी वाजवून हसली. 'थोरला' ठरला.

त्याचं जेवण सूर्य मावळायच्या आत, कांदा-लसणाशिवाय. राहीबाई त्याच्यासाठी आमटीचं वेगळं पातेलं चढवतात. त्या जेवणाला संयोगिता त्याच्यासोबत बसते, गप्पा मारते. आठ वाजता मी जेवतो तेव्हा ती कामात असते.

७ मार्च

आज गठ्ठ्यातलं पहिलंच पान नीट पाहिलं. अर्पणपत्रिका. जशीच्या तशी उतरवतो:

'मगदूम सरांना, ज्यांनी मला न दिसणारं शोधायला शिकवलं.'

हे मी शिकवलं. मी. कवितेच्या दोन ओळींमधल्या जागेत कवी जे बोलत नाही ते ऐका, हे त्या वर्गात कोण सांगायचं? मगदूमनं तिला एक वर्ष विज्ञान शिकवलं. लोहचुंबक आणि लिटमसचा कागद. मी तिला वक्तृत्वाच्या स्पर्धेला उंब्रजहून कराडला सायकलवर डबलसीट घेऊन गेलो. उतारावर ती माझीच ओळ मोठ्यानं म्हणत होती:

पाटीवरचे पुसले तरीही
ओल राहते पाटीवरती

सायकलचा प्रसंग दुसऱ्या प्रकरणात आलाय. चार ओळी. अर्पण मात्र त्याला.

९ मार्च

तिसऱ्या प्रकरणात मगदूमच्या गोट्यांची गोष्ट आहे. त्यानं म्हणे वर्गात फरशीवर गोट्या आदळून दाखवल्या आणि त्या दिवशी तिचं आयुष्य ठरलं. दीड पान. मी त्यावर लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'पाल्हाळ. गाळावे.' भाषेच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. तिनं काही न विचारता संध्याकाळी गाळलं.

१० मार्च

चहाच्या वेळी मी मुद्दाम गोट्यांचा विषय काढला. मगदूम म्हणाला, "कसल्या गोट्या? मी शाळेत कधी गोट्या आणल्या नाहीत." संयोगितालाही आठवेना.

वय झालं त्याचं. तिला कामाचा ताण आहे. पण खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

१२ मार्च

पाचव्या प्रकरणात पुन्हा मगदूम. परदेशातून पहिला फोन तिनं त्याला केला होता. मला नाही. मला दिवाळीत कार्ड आलं होतं, ते मी अजून जपून ठेवलंय. काल ते पान खोडलं. आज मगदूम जिना चढताना कठड्याला धरून उभा राहिला आणि त्यानं मला विचारलं, "थोरात, ही पोरगी मला इथं कशाला घेऊन आली रं?"

चेष्टा करतोय असं वाटलं. तो चेष्टा करत नव्हता. त्याचं धोतर, त्याचा सदरा, सगळं उन्हात ठेवलेल्या कापडासारखं विटलेलं दिसत होतं. मी त्याला धरून वर नेलं. दंड हातात आला तर वजनच नाही.

मला सगळं कळलं होतं. कागदावर मी खोडतो ते खरोखरच पुसलं जातं. हे इथं लिहून ठेवतो, कारण पुढं मी नाकारीन. कळलं होतं, तरी मी खोलीत येऊन पेनाचं टोपण काढलं.

१४ मार्च

अर्पणपत्रिकेतलं 'मगदूम' खोडलं. वर 'थोरात' लिहिलं. सुवाच्य, वळणदार. कागद तिच्या टेबलावर इतर कागदांमध्ये सरकवून दिला.

१५ मार्च

शेजारच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आहे, जुनी सुटकेस आहे, धान्याचे डबे आहेत. सगळ्यावर धूळ. कित्येक वर्षांची.

संयोगिताला विचारलं. तिनं आठवायचा प्रयत्न केला. मगदूम नावाचे कुणी सर शाळेत होते का, असं उलट मलाच विचारलं.

म्हणजे आता मीच. तिचा एकटा मीच. दुपारभर मी पोरासारखा खूश होतो. मग नव्यानं छापून आलेलं पहिलं पान पाहिलं. त्यावर आहे:

'सरांना, ज्यांनी मला न दिसणारं शोधायला शिकवलं.'

माझं नाव नाही. घालायचं राहिलं असेल.

१६ मार्च

अजून ऊन होतं. राहीबाई ओट्याशी थिजल्यासारख्या उभ्या. समोर छोट्या पातेल्यात आमटी, वाफाळती. मला म्हणाल्या, "आवं सर, मी ही बिनकांद्याची आमटी कुणासाठी केली वो? दोन दिवस झालं, हात आपसूक करत्यात. दिवस मावळायच्या आत वाढायची असं बी वाटतंय. कुणाला, त्ये ठावं न्हाई."

त्या घाबरल्या होत्या. मी म्हटलं, मला वाढा. बसलो. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघवेना.

आमटी कमी पडत नाही. माणूस कमी पडतो. तोल बिघडलाय, आणि तो बाईंच्या हाताला कळलाय.

१७ मार्च

सातवं प्रकरण. आज संयोगितानं शेजारी बसून समजावून दिलं. थोरला कण एकटा जन्मत नाही. जोडीनंच जन्मतो, आणि दोघं विरुद्ध दिशांना फेकले जातात. एकाचा जोर तो दुसऱ्याचा जोर. ती म्हणाली, त्या जोडीतला एकच होता असं मांडून पाहिलं तर गणित सुटत नाही, काका.

काका म्हणाली.

सर नाही म्हणाली.

१८ मार्च

दुसरं प्रकरण काढून पाहिलं. कराडची सायकल नाही. मी ते पान खोडलं नव्हतं. त्यावर लाल रेघ नाही, काही नाही. ती स्पर्धेला एस.टी.नं एकटी गेली असं लिहिलंय. तिला विचारलं. तिला एस.टी.च आठवते. कंडक्टरची टोपीसुद्धा आठवते.

माझी ओळ म्हणून पाहिली. पाटीवरचे पुसले तरीही— पुढची ओळ येत नाही. मीच केलेली. ७ तारखेच्या पानावर आहे, ती वाचली. पान मिटलं की जाते.

१९ मार्च

आरशात सदरा विटलेला. नवा होता. संयोगिता सकाळी फोनवर कुणाला सांगत होती की घरी एक पाहुणे आहेत, आईच्या बाजूचे असावेत.

जोडी. पोरं जोडी म्हणायची. तो एका बाजूला उडाला, म्हणून मी दुसऱ्या—

उपाय सोपा आहे. त्याचं नाव परत लिहायचं. लाल पेनानंच. पण मग पुन्हा पूर्वेची खोली, पुन्हा ती संध्याकाळची पंगत, दोघंच हसणार. पुन्हा ते पहिलं पान. ते सगळं माझ्या हातानं त्याला परत द्यायचं?

उद्या लिहीन.

२० मार्च

लिहिलं नाही. आधी माझं एकट्याचं नाव लिहून पाहिलं. तीन वेळा. शाई वाळते तसं अक्षर जातं. कागद कोरा.

राहीबाईंनी एकच ताट मांडलं. संयोगिताचं. मी खुर्चीत बसलेलो होतो. त्यांनी मला ओलांडून खिडकी लावली.

२१ मार्च, सकाळ

संयोगिता पहिलं पान हातात घेऊन बसलीय. पुस्तक आज छपाईला जाणार. पान कोरं आहे. राहीबाईंना म्हणाली, "अर्पण कुणालाच नको. मला कुणी शिकवलंय असं आठवतच नाही, राहीमावशी." आणि म्हणता म्हणता डोळे पुसले तिनं. का येतंय पाणी ते तिला कळेना.

हे मी केलं. हेव्यानं केलं. पोरीची सगळी शाळा पुसली मी.

ती चहाला उठली. पान टेबलावर. पेन माझ्याकडं. बोट धड धरत नाही, पण—

लिहिलं. 'मगदूम सरांना'

राहिलं. अक्षर राहिलं.

शेजारच्या खोलीत खोकला. त्याचाच. घसा खाकरून मग एक उसासा. काय बरं वाटलं, देवा. माझं बोट आता दिसतंय. नख दिसतंय. आता पुढं 'आणि' लिहायचं, मग माझं नाव, की संपलं. दोघं परत. पोरं म्हणायची तशी जो—

संयोगिता धावली. त्याच्या दाराकडं. 'सर' म्हणाली. तसंच, वर्गातल्या आवाजात. सर, झोप लागली का?

त्याला म्हणाली. माझ्या दारावरून गेली. बघितलं नाही. 'आणि' लिहिलं की बघेल, माहीत आहे. पण बघेल ती दुसऱ्यांदा. आधी तो.

मी त्याच्याहून अकरा दिवस आधी रुजू झालो होतो. एकतीस वर्षं मस्टरवर माझं नाव वर आणि त्याचं खाली. सेवाज्येष्ठता म्हणून काही आहे की नाही. हेडमास्तरसुद्धा तो क्रम मोडत नसत. नावं दोन्ही राहू देत. माझं काही म्हणणं नाही. दोन्ही राहू देत, फक्त क्रम बरोबर पाहिजे. त्याचं तेवढं खोडतो, एक रेघ, क्षणभरच, आणि लगेच वर माझं, त्याच्या खाली त्याच—