पान एकशे बारा

हाटकेश, मिरा रोड
१२ डिसेंबर २००६

ती. मामांना,
शिवाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं सध्या तेवढ्याच कामाचं उरलंय.) गुडघा कसा आहे? मामीला सांगा, मी जेवतो. झोपतो असंही लिहिणार होतो, पण तुमच्याशी खोटं लिहवत नाही.

मामा, तुम्ही शब्द टाकून तुमच्या कॉलेजातल्या दोस्ताच्या, बबनशेठच्या बाइंडिंगमध्ये मला चिकटवलंत, ती नोकरी गेल्यात जमा आहे. झालं असं, एक कादंबरी आली. कॉलेजचे चार दोस्त बारा वर्षांनी भेटतात आणि चौघांचीही झोप बिघडलेली. एकाला लागत नाही, एकीला बोलता बोलता लागते, असलं. आमच्याकडे पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत येतं आणि घडी घालायला एकेकाला एकच फर्मा मिळतो. मला सातवा आला, पान सत्त्याण्णव ते एकशे बारा (सातवी नापासाला सातवाच, असं शेठ हसले). त्यात ईश्वर नावाचा दोस्त झोपेत चालत जिन्यातून वर जाऊन गच्चीच्या कठड्यावर चढतो, गिरिजा हाक मारायला तोंड उघडते आणि पान एकशे बारा संपतं. दोन हजार घड्या घातल्या मामा. दोन हजार वेळा तो चढला, एकदाही उतरला नाही. आठवा फर्मा छापखान्यातच अडकलेला. शेजारच्या टेबलावरची उत्तनची आयडा म्हणाली, "मी वाचत न्हाय रं, घडी घालते. तू पन तेच कर." चार रात्री डोळ्याला डोळा नाही.

पाचव्या दिवशी आठवा आला आणि लगेच फर्मे जुळवायला घेतले, म्हणजे टेबलाभोवती फिरत प्रत्येक ढिगातला एकेक उचलायचा. आठवा वाचायचाच, असं ठरवून मी फिरायला लागलो आणि फिरता फिरता झोपलो. पाय चालत होते, हात उचलत होते. तीनशे प्रतींत सातवा दोनदा गेला, आठवा गेलाच नाही.

लेखक निहारसाहेब पूनम सागरच्या हॉलमध्ये स्वतःच्या जुन्या कॉलेजदोस्तांपुढे वाचायला उभे राहिले. एकशे बारावं पान उलटलं तर ईश्वर पुन्हा जिन्यात! साहेबांनी तीन ओळी तशाच वाचल्या म्हणे. शेठ मला म्हणाले, "तुझा मामापण लेक्चरला असाच झोपायचा. खानदानी आहे हे." आणि गेटबाहेर काढलं. आता खोलीवर पडून छताकडे बघतोय.

तुमचा,
शिवा

ता.क. शेठना दोन ओळी लिहा. तुमचं ते ऐकतील. आईला कळवू नका.

ता.क. त्याआधी एक करा. तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात ही कादंबरी येतेय. पान एकशे तेरा बघून ईश्वर उतरला की पडला, तेवढं कार्डावर कळवा. शेठचं सवडीनं झालं तरी चालेल.

ता.क. वाचनालयाचं पार्सल मीच बांधलं होतं (तयार पुस्तक उघडायला आम्हाला मनाई), त्याच चुकलेल्या ढिगातून. एकशे बारानंतर सत्त्याण्णव निघालं, तर काहीच लिहू नका मामा.