भूमिकाच्या भूगोलामुळे उगवलेली आमराई

किन्हवली, रविवार

तीर्थरूप शामदादास,

धाकट्या वाल्मिकचा साष्टांग नमस्कार. वहिनींची कंबर आता बरी असावी. तुम्ही रक्तदाबाची गोळी घ्या आणि मगच पुढचं वाचा. (मी घेऊनच लिहायला बसलो आहे.)

"पोरीला त्या भूगोलातून काढ, गावात तोंड दाखवायला जागा नाय ठेवली तिनं," असं तुम्ही काल फोनवर म्हणालात. मी मोठ्यांना उलट बोलत नाही, म्हणून लिहितो. माझी भूमिका बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गावातली कोणती जमीन कशासाठी वापरतात, याचा नकाशा तिला करायचा होता. त्याशिवाय ती पास होत नाही. मनस्वी नावाच्या मैत्रिणीला घेऊन, तिपाई लावून, टेप धरून ती शेतात उभी राहिली, एवढाच तिचा गुन्हा. धोंडीकाकाने बांधावरून पाहिलं आणि ठरवलं, महामार्गाची मोजणी आली!

"खरं सांग गो, रस्ता कुठून काढलाय?"

"काका, रस्ता नाय, कॉलेजचा प्रोजेक्ट हाय."

"सरकारी माणसं असंच सांगतात!"

(बारशाला घुगऱ्या खाल्लेला माणूस तिला सरकारी म्हणतो!) रस्त्यात झाडं गेली की भरपाई जास्त, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. दोन दिवसांत वाल उपटून खड्डे झाले आणि शिवारभर आंब्याची कलमं उभी राहिली. शेजारच्या गुणाने तर पत्र्याची शेड ठोकून वर 'पोल्ट्री फार्म' लिहिलं. आत एकच कोंबडी, तीही उसनी. जिथे पोरीने वाल दाखवला, तिथे कॉलेजचे सर बघायला आले तर आमराई! नकाशा खोटा ठरला. आणि रस्ता येत नाही म्हटल्यावर हीच लोभी माणसं तिला शिव्या देतात. (लोभी हा शब्द कठोर आहे का, यावर मी डायरीत पानभर विचार केला. ठेवतो.) आणि तुम्ही मुरबाडला बसून त्यांचीच री ओढता!

भूगोल सुटणार नाही. भाषेबद्दल क्षमा असावी. राग मागे घेत नाही.

आपला,
वाल्मिक

ता.क. नकाशा नव्याने करायचा आहे आणि इथे तिला कोणी बांधावर उभं करत नाही. तुमच्याकडच्या शिवारात मोजू द्याल का? शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. मला खोटं लिहवत नाही.

ता.क. दुसरा. मी विनंती केली हे तिला कळू देऊ नका. आपल्या बांधावर मीही लावलेली कलमं तिने परवा मला माझ्याच हातांनी उपटायला लावली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.