पिकल्या पपईच्या रंगाचे गुलाब

गोंदिया, फाल्गुन १९३८

तीर्थरूप धनीरामदादास, धाकट्या उदेभानचा रागासकट नमस्कार.

माझ्या जमुनाच्या लग्नातल्या गुलाबांची खरी किंमत सांगतो: रेल्वेचं भाडं, बर्फाची पेटी आणि सख्खा भाऊ.

पोरीला पिकल्या पपईसारखा फिकट केशरी रंग हवा होता. तो नागपूरशिवाय मिळत नाही, असं मी बाजारभर सांगत फिरलो. आणि तुम्ही गावाकडच्या, कामठ्याच्या घरच्या अंगणातले त्याच रंगाचे गुलाब टोपलीत घेऊन पाहुण्यांसमोर उभे. मी म्हणालो, "दादा, ठेवा तिकडं, तुमच्या गाडीच्या बैलाईच्या गळ्यात घालू." सगळे हसले. तुम्हीही हसलात. पण माझे कान तिखट आहेत. चपला घालताना तुम्ही गाडीवानाला म्हणालात, "चाल मंगरू, उदेभान शेठ झाला, त्याले घरच्या फुलाचा वास नाही येत."

आणि न जेवता गेलात. काऊन गेलात? मोठे आहात, चार लोकांत माझ्या थोबाडीत द्यायची होती. अक्षता टाकायला पोरीचा मोठा बाप, तिचा सख्खा काका नाही, हे साऱ्या मांडवानं पाहिलं. त्याचा राग अजून जात नाही.

हे पत्र मी पाठवणार नाही, कारण पाठवलं तर पुढचंही कळवावं लागेल. तुम्ही गेल्यावर नागपूरची पेटी उघडली. बर्फानं सगळी फुलं काळी पडली होती. जमुनाच्या हारात तुमचेच गुलाब होते.

आपला धाकटा,
उदेभान